अंतराळ क्षेत्रात निवृत्तीपर्यंत अभियंता म्हणूनच राहता येतं का?

प्रश्न असा आहे: एरोस्पेसची पदवी झाली, उपग्रह बनवणाऱ्या कंपनीत तीन वर्षं झाली, काम आवडतंय. पण शेवटपर्यंत हातात अभियांत्रिकी राहते का, की चाळिशीनंतर व्यवस्थापक व्हावंच लागतं? इतकी वर्षं एकाच विषयात काढून कंटाळा येत नाही का? आणि जुन्या संस्थेत राहावं की नव्या कंपनीत उडी मारावी?

राहता येतं. मी राहिले. माझी सगळी नोकरी मेकॅनिझममध्ये गेली. उपग्रहावर जे जे हलतं, उघडतं, सुटतं किंवा फिरतं, ते आमचं: सौर पॅनेलच्या बिजागऱ्या, अँटेना उघडणारे हात, उड्डाणाच्या वेळी सगळं घट्ट धरून ठेवणारे आणि कक्षेत पोचल्यावर सोडून देणारे लॉक. कंटाळ्याबद्दल पुढे लिहितेच. पण त्याआधी नोकरीच्या जाहिरातीत कधीच न लिहिली जाणारी एक गोष्ट सांगायला हवी. या क्षेत्रात अनुभव फार हळू साठतो. तुमचं काम बरोबर होतं की चूक, याचा निकाल लागायला वर्षं जातात आणि असे निकाल आयुष्यात मोजकेच हाती येतात. बाकीचे सगळे सल्ले या एका गोष्टीतून निघतात.

थोडे आकडे बघा. युरोपच्या रोझेटा मोहिमेला 1993 मध्ये मंजुरी मिळाली, यान 2004 मध्ये उडालं, धूमकेतूपाशी 2014 मध्ये पोचलं आणि 2016 मध्ये मोहीम संपली. मंजुरीच्या वेळी पंचविशीत असलेला अभियंता शेवटच्या दिवशी पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. जेम्स वेब दुर्बिणीवरचं काम 1990 च्या दशकात सुरू झालं आणि ती 25 डिसेंबर 2021 रोजी उडाली. इस्रोने स्वतःच्या क्रायोजेनिक (अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या) इंजिनाचं काम 1994 मध्ये हाती घेतलं. त्यावरचं पहिलं उड्डाण एप्रिल 2010 मध्ये फसलं. ऑगस्ट 2013 मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या टाकीतून इंधन गळताना दिसलं म्हणून उड्डाण ऐनवेळी थांबवलं आणि जानेवारी 2014 मध्ये ते यशस्वी झालं. ही वीस वर्षं ज्यांनी एकाच इंजिनापाशी काढली त्यांच्या कामाचा तपशील कागदावर एका ओळीत मावेल, पण ती ओळ लिहिता येणारी माणसं जगात फार थोडी आहेत.

म्हणून पहिला सल्ला हिशेबाचा. पुढच्या तीस वर्षांत तुमच्या वाट्याला दोन किंवा तीन मोठ्या मोहिमा येतील, फार तर चार. त्यातली एखादी कागदावरच मरेल. सगळी वर्षं एकाच दीर्घ प्रकल्पात घातली तर पन्नाशीला तुमच्याकडे एकाच निकालाचा अनुभव असेल. एक लांब पल्ल्याचं काम आणि त्याच्या जोडीला लहान, लवकर उडणारी कामं असा मेळ ज्यांनी ठेवला, ते माझ्या पाहण्यात जास्त शिकले.

आता सुरुवातीच्या वर्षांबद्दल. नवीन माणसाला वाटतं आपण रचना करायला आलो. प्रत्यक्षात त्याच्या हाती येतात ते आराखड्यातले बदल, सुट्या भागांच्या याद्या, चाचणीच्या कार्यपद्धती आणि न जुळलेल्या मापांचे अहवाल. बरेच जण इथेच वैतागतात. वैतागू नका, पण या कामात रुतूनही बसू नका. शक्य तितक्या लवकर चाचणीच्या टीममध्ये जागा मागा. रचना खोटी ठरते ती तिथेच.

यामागचं कारण भौतिकशास्त्रात आहे. पृथ्वीजवळच्या कक्षेत राहायला सेकंदाला सुमारे 7.8 किलोमीटर वेग लागतो. हवेचा विरोध आणि गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात जाणारा खर्च धरला तर प्रक्षेपकाला सेकंदाला साडेनऊ किलोमीटरच्या आसपासची तयारी ठेवावी लागते. त्सिओल्कोव्हस्कीने 1903 मध्ये मांडलेलं समीकरण इथे कुणालाच सूट देत नाही: उड्डाणाच्या क्षणी प्रक्षेपकाच्या वजनाचा नव्वद टक्क्यांच्या आसपासचा भाग इंधन आणि ते जाळायला लागणारा ऑक्सिडायझर असतो आणि उपग्रहाच्या वाट्याला काही टक्के येतात. ग्रॅमसुद्धा महाग, त्यामुळे भाग जाड करून निश्चिंत होण्याची सोय नाही. विमानात मजबुतीसाठी साधारण 1.5 चा गुणक धरतात, म्हणजे भाग अपेक्षित भाराच्या दीडपट सोसेल असा बनवतात. माणूस नसलेल्या यानात तो बऱ्याचदा 1.25 असतो. इतक्या कमी राखीव ताकदीवर उडायचं तर तो भाग नेमका किती सहन करतो हे माहीत असायलाच हवं, आणि ते चाचणीशिवाय कळत नाही. आमचा निम्मा खर्च, वेळ आणि झोप या चाचण्यांमध्ये जाते.

मेकॅनिझममध्ये तर हे प्रकरण फारच मजेशीर आहे. जमिनीवर काही करकरलं की आपण तेल घालतो. निर्वात पोकळीत साधं तेल उडून जातं आणि शेजारच्या लेन्सवर किंवा आरशावर जाऊन बसतं. हवेत धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. पोकळीत तो घासला गेला की पुन्हा तयार होत नाही आणि दोन स्वच्छ धातू एकमेकांना चिकटू शकतात. म्हणून मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखं कोरडं वंगण वापरतात. ते पोकळीत उत्तम चालतं, पण दमट हवेत लवकर झिजतं. म्हणजे जमिनीवर तुम्ही जितक्या चाचण्या घ्याल, तितकं त्याचं आयुष्य तुम्हीच खाता. न तपासता उडवता येत नाही आणि जास्त तपासलं तर झिजतं. यातला मधला मार्ग शोधणं हे आमचं कायमचं काम.

त्यात गुरुत्वाकर्षणाची भर. कक्षेत सौर पॅनेलला स्वतःचं वजन जाणवत नाही, म्हणून त्याच्या बिजागरीची स्प्रिंग अगदी माफक ताकदीची असते. जमिनीवर तेच पॅनेल आपल्याच भाराने बिजागरी वाकवेल. मग ते वरच्या रुळांना टांगून किंवा हेलियमच्या फुग्यांनी तोलून उघडतात. आता तुम्ही मोजलेलं घर्षण बिजागरीचं की रुळांचं? या प्रश्नावर मी लोकांना तास-तास भांडताना पाहिलं आहे, आणि ते भांडण योग्यच असतं. नव्या मुलांना आणखी एका गोष्टीचं नेहमी आश्चर्य वाटतं: थंडीत सर्वात जास्त विरोध पुष्कळदा बेअरिंगचा नसतो, बिजागरीवरून जाणाऱ्या वायरींच्या जुडग्याचा असतो. उणे शंभर अंशांना तो जुडगा काठीसारखा ताठ होतो. हे कुठल्याच त्रिमितीय मॉडेलमध्ये दिसत नाही, कारण मॉडेलमध्ये वायरी सहसा काढलेल्याच नसतात. थर्मल व्हॅक्यूम चेंबरबाहेर, म्हणजे अंतराळासारखी पोकळी आणि तापमान तयार करणाऱ्या कोठीबाहेर, रात्रपाळीला बसून टॉर्कचा (फिरवायला लागणाऱ्या जोराचा) आलेख चढताना एकदा पाहिलात की मात्र जन्मभर विसरणार नाही.

कंटाळ्याचं उत्तर खरं तर इथेच आलं. विषय एकच असला तरी तापमान, आकार, शेजारची उपकरणं आणि बिघडण्याची तऱ्हा दर वेळी वेगळी. कंटाळा येतो तो कागदांचा आणि बैठकांचा. तो येणारच. आठवड्याचा अर्धा वेळ त्यात जातो हे आत्ताच कळलेलं बरं.

पाच-सात वर्षं झाली की कामाचा रोख बदलतो. आपला भाग नीट बनवण्यापेक्षा तो दुसऱ्याच्या भागाला नीट जुळतो का, हे बघण्यात जास्त वेळ जाऊ लागतो. मोठे अपघात पुष्कळदा या सांध्यांमध्ये होतात. नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटर यानाचं उदाहरण तुम्हाला कॉलेजातच सांगितलं असेल: 1999 मध्ये एका बाजूने थ्रस्टरच्या आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदात दिले, दुसऱ्या बाजूने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले आणि यान मंगळाच्या वातावरणात फार खाली शिरून गेलं. जुलै 2013 मध्ये रशियाचा प्रोटॉन प्रक्षेपक उडाल्यावर काही सेकंदांतच उलटून कोसळला, कारण कोनीय वेग मोजणारे काही सेन्सर उलटे बसवले होते. ही उदाहरणं ऐकून सगळे हसतात आणि पुढे जातात.

त्यापेक्षा मला ह्यूजेन्सची गोष्ट जास्त सांगावीशी वाटते, कारण तिथे यान वाचलं. शनीच्या टायटन चंद्रावर उतरणारी ह्यूजेन्स कुपी कॅसिनी यानासोबत ऑक्टोबर 1997 मध्ये निघाली. कुपीने उतरताना माहिती कॅसिनीकडे पाठवायची आणि कॅसिनीने ती पृथ्वीला द्यायची, अशी योजना. दोन्ही यानांमध्ये सेकंदाला पाच-सहा किलोमीटरचा सापेक्ष वेग असणार होता, त्यामुळे डॉप्लर परिणामाने संदेशाची कंप्रता सरकणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि रिसीव्हरमध्ये त्याची तजवीजही होती. पण कंप्रतेबरोबर बिट येण्याचा वेगही बदलतो. बिट ओळखणाऱ्या मंडलात तेवढा बदल सोसण्याची सोय नव्हती. जमिनीवर संपूर्ण साखळीची खरीखुरी चाचणी झालीच नव्हती. युरोपीय अवकाश संस्थेतल्या बोरिस स्मेड्स या अभियंत्याने 2000 मध्ये प्रवासातल्या यानावरच चाचणी घेण्याचा आग्रह धरला: पृथ्वीवरच्या अँटेनातून ह्यूजेन्ससारखाच, डॉप्लरने सरकवलेला संदेश कॅसिनीला पाठवायचा. साधी चाचणी पुरेशी आहे असं म्हणणारे होतेच. चाचणी झाली आणि माहितीचा चुराडा होऊन परत आला. रिसीव्हरचं सॉफ्टवेअर उड्डाणानंतर बदलता येण्यासारखं नव्हतं. मग कॅसिनीचा मार्गच बदलला. टायटनजवळून बऱ्याच जास्त अंतरावरून जायचं, म्हणजे दोघांमधल्या रेषेवरचा सापेक्ष वेग कमी होईल आणि रिसीव्हरला संदेश झेपेल. 14 जानेवारी 2005 रोजी ह्यूजेन्स टायटनवर उतरलं आणि पृष्ठभागाचे फोटो आले.

स्मेड्सने नवं काही बनवलं नाही. त्याने एकच विचारलं: हे खऱ्या परिस्थितीत कुणी तपासलं आहे का? अनुभवी माणसाला पगार देतात तो मुख्यतः अशा प्रश्नांसाठी, आणि हा प्रश्न पंधरा वर्षांपूर्वी त्याला सुचला असता की नाही याबद्दल मला शंका आहे. तो सुचायला सुटलेल्या चाचण्यांच्या पुष्कळ गोष्टी डोक्यात असाव्या लागतात. आपल्या वाट्याला निकाल मोजके येतात म्हटलं ना, म्हणून इतरांचे निकाल उधार घ्यावे लागतात.

उधारीचं माझं आवडतं खातं गॅलिलिओचं. गुरूकडे गेलेल्या या यानाला छत्रीसारखी उघडणारी, सुमारे 4.8 मीटर व्यासाची अँटेना होती. यान 1980 च्या दशकाच्या मध्याला उडायचं होतं. चॅलेंजर या स्पेस शटलच्या दुर्घटनेनंतर ते लांबलं आणि ऑक्टोबर 1989 मध्ये निघालं. मधल्या काळात ते मिटलेल्या अँटेनासकट ट्रकमधून देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेलं-आणलं गेलं. एप्रिल 1991 मध्ये उघडण्याची आज्ञा दिली तेव्हा छत्रीच्या काही काड्या अडकून राहिल्या. प्रवासातल्या हादऱ्यांनी पिनांवरचं कोरडं वंगण घासून गेलं असावं, असा निष्कर्ष निघाला. मोटर हजारो वेळा झटके देऊन चालवली, यान उन्हात आणि सावलीत फिरवून तापवलं-गारवलं, काड्या सुटल्या नाहीत. शेवटी छोट्या अँटेनावर, माहिती दाबून पाठवणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरच्या जोरावर मोहीम चालली, आणि उत्तम चालली. आम्हा मेकॅनिझमवाल्यांसाठी मात्र त्यातून एक कायमचा प्रश्न उरला: हा भाग शेवटचा कधी उघडला होता आणि त्यानंतर त्याला काय काय सोसावं लागलं?

तीस वर्षांनी याच विषयाचे पुढचे अध्याय झाले. लघुग्रहांकडे जाणारं लूसी यान ऑक्टोबर 2021 मध्ये उडालं. त्याच्या सात मीटरहून मोठ्या दोन गोल सौर पॅनेलपैकी एक पूर्ण उघडून लॉक झालं नाही, कारण ते ओढणाऱ्या दोरीचा ताण सुटला होता. टीमने मुख्य आणि राखीव अशा दोन्ही मोटर एकदम चालवून ते 360 पैकी 353 अंशांच्या पुढे नेलं आणि तेवढं पुरेसं आहे असं गणिताने दाखवून पुढचे प्रयत्न थांबवले. थांबण्याचा तो निर्णय मला उघडण्याइतकाच अवघड वाटतो. गुरूकडे जाणारं युरोपचं ज्यूस यान एप्रिल 2023 मध्ये निघालं, त्याची 16 मीटरची रडार अँटेना एका छोट्या पिनेमुळे अडकली. यान हलवून पाहिलं, अँटेना उन्हाकडे वळवून पाहिली आणि शेवटी मे महिन्यात त्याच कंसातला दुसरा सुटकेचा अ‍ॅक्चुएटर मुद्दाम उडवून बसलेल्या धक्क्याने ती पिन सुटली. तापवणं, हलवणं, झटका देणं ही युक्त्यांची यादी गॅलिलिओच्या वेळीही हाताशी होती. तेव्हा ती लागू पडली नाही, पण कुणीतरी ती नीट लिहून ठेवली होती.

आणखी एक धोका मला सतत दिसतो तो म्हणजे ‘हे आधी उडालेलं आहे’ या वाक्याचा. युरोपच्या एरियान 5 प्रक्षेपकाचं पहिलं उड्डाण 4 जून 1996 रोजी चाळीस सेकंदांच्या आत संपलं. एरियान 4 मधून जसंच्या तसं घेतलेल्या मार्गदर्शन सॉफ्टवेअरमध्ये 64 बिटांची एक संख्या 16 बिटांत बसवली जात होती. नव्या प्रक्षेपकाचा आडवा वेग जास्त असल्याने ती मावली नाही. राखीव यंत्रणेतही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तीही त्याच कारणाने बंद पडली. कडेलोट असा की गणिताचा तो भाग उड्डाणानंतर उपयोगाचाच नव्हता. सौरवाऱ्याचे नमुने घेऊन सप्टेंबर 2004 मध्ये परतलेली जेनेसिस कुपी पॅराशूट न उघडता वाळवंटात आदळली. वेग कमी होताना जाणवणारे स्विच आराखड्यातच उलटे होते, आणि रचना आधीच्या स्टारडस्ट यानावरून आली आहे म्हणून चाचणी गाळली होती. आढावा बैठकीत हे वाक्य ऐकलं की मी विचारते: तेव्हाच्या आणि आताच्या उड्डाणात काय वेगळं आहे, याची यादी कुठे आहे? यादी सहसा नसते.

आता व्यवस्थापनाचा प्रश्न. बऱ्याच मोठ्या संस्थांमध्ये दोन शिड्या असतात, एक व्यवस्थापनाची आणि एक तांत्रिक. दुसऱ्या शिडीवर वर चढलेला माणूस आराखडे क्वचितच काढतो. तो दुसऱ्यांच्या आढावा मंडळांवर बसतो, बिघाडाच्या चौकशा करतो आणि ‘उडवायचं की नाही’ यावर मत देतो. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा हे काम माणसांशी जास्त संबंधित आहे.

27 जानेवारी 1986 ची संध्याकाळ या बाबतीत समजून घेण्यासारखी आहे. चॅलेंजरचे घन इंधनाचे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतल्या अभियंत्यांनी थंडीत रबरी ओ-रिंग वेळेत फुगून सांधा बंद करणार नाहीत म्हणून उड्डाण नको असं सांगितलं. त्यांच्यातल्या रॉजर बॉइजॉली यांनी सहा महिने आधीच, जुलै 1985 मध्ये, हा धोका लेखी कळवला होता. त्या संध्याकाळी आधी नकार दिलेल्या व्यवस्थापनाने दबावाखाली मत बदललं आणि दुसऱ्या दिवशी सात जणांचा जीव गेला. अनेक जण यातून एवढंच घेतात की अभियंत्यांनी ठाम राहावं. ते ठाम होतेच. अडचण अशी होती की त्यांचा नकार परिणामकारक ठरेल असा वेगळा रस्ताच संस्थेत नव्हता. 2003 मधल्या कोलंबिया शटलच्या दुर्घटनेच्या चौकशी मंडळाने कार्यक्रमाच्या वेळापत्रकापासून स्वतंत्र असा तांत्रिक अधिकार उभारायला सांगितलं, ते यासाठीच. म्हणून चांगले अभियंते सगळेच्या सगळे व्यवस्थापनापासून लांब राहिले तर मला ते आवडत नाही. वेळापत्रक आणि पैसा यांच्याशी झगडताना तांत्रिक बाजू समजणारं कुणीतरी त्या खुर्चीत हवं. तुम्हाला माणसं, पैसा आणि वाटाघाटी यांत रस असेल तर जा, कमीपणा मानू नका. फक्त पगारासाठी जाऊ नका. तांत्रिक काम पाच-सहा वर्षं सुटलं की परत येणं फार जड जातं.

नव्या कंपन्यांबद्दल माझं मत गेल्या काही वर्षांत बरंच बदललं आहे. स्पेसएक्सचा फाल्कन 1 प्रक्षेपक मार्च 2006 ते ऑगस्ट 2008 या काळात तीनदा फसला आणि 28 सप्टेंबर 2008 रोजी चौथ्यांदा कक्षेत पोचला. म्हणजे अडीच वर्षांत त्याच माणसांना चार खरे निकाल मिळाले. 2024 या एका वर्षात फाल्कन 9 ची 130 हून जास्त उड्डाणं झाली. शिवाय पहिला टप्पा परत येतो, त्यामुळे उडून आलेला झडप किंवा बेअरिंग हातात घेऊन उघडून बघता येतं. आमच्या पिढीतल्या कुणाला हे मिळालं असतं तर त्याने अर्धा पगार सोडला असता. शिकण्याचा हा वेग जुन्या संस्थांत मिळणार नाही.

पण त्या वेगाचा उपयोग दुसरी संधी असते तिथे होतो. शेकडो उपग्रहांच्या ताफ्यातला एक बंद पडला तर पुढच्या खेपेत सुधारता येतो, आणि तिथे तसंच वागणं शहाणपणाचं आहे. गुरूकडे जाणारं यान एकच असतं. जेम्स वेबवर, एक जरी फसली तरी सगळं जाईल अशा 344 जागा होत्या आणि त्यातल्या बहुतेक उलगडण्याशी संबंधित होत्या. तिथे ‘उडवून बघू’ ही भाषाच चालत नाही. तुमच्या वयाला माझी पसंती आधी वेगवान ठिकाणी आणि नंतर सावकाश ठिकाणी, अशा क्रमाला. उलट क्रमाने गेलेले माझे काही सहकारी तिथे गुदमरले, हेही खरं.

प्रकल्प रद्द होण्याची तयारी ठेवा. सोव्हिएत अंतराळविमान बुरान 15 नोव्हेंबर 1988 रोजी एकदाच उडालं, विनामानव, सुंदर उतरलं आणि पुन्हा कधी उडालं नाही. युरोपचं हर्मीस यान 1992 मध्ये गुंडाळलं. अमेरिकेचा चंद्रावर परतण्याचा कॉन्स्टेलेशन कार्यक्रम 2010 मध्ये रद्द झाला, पण त्यातली ओरायन कुपी टिकली आणि 2022 मध्ये आर्टेमिस 1 मोहिमेत चंद्राला फेरी मारून आली. काय टिकेल हे आधी कळत नाही. रद्द झालेल्या कामातून तुमच्याबरोबर चाचण्यांची समज येते, यान येत नाही. आणि कधी निकाल लांबतो: जपानच्या अकात्सुकी यानाचं मुख्य इंजिन डिसेंबर 2010 मध्ये शुक्रापाशी निकामी झालं, यान पुढे निघून गेलं. त्या टीमने पाच वर्षं सूर्याभोवती फिरणारं यान सांभाळलं आणि डिसेंबर 2015 मध्ये दिशा बदलायच्या छोट्या थ्रस्टरवर ते शुक्राच्या कक्षेत आणलं.

दीर्घ कारकीर्दीतून संस्थेला नक्की काय मिळतं, याबद्दल माझं उत्तर ठाम आहे: कारणं. काय बनवलं ते आराखड्यात असतं, तसंच का बनवलं ते बहुधा माणसांच्या डोक्यात असतं आणि त्यांच्याबरोबर घरी जातं. माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न 5 प्रक्षेपकाच्या एफ-1 इंजिनांचे कागद शिल्लक आहेत. तरी नासाच्या तरुण अभियंत्यांनी साठवलेलं इंजिन उघडलं तेव्हा दिसलं की प्रत्येक इंजिनात कारागिरांनी हाताने छोटे फेरफार केले होते आणि त्यांची सगळी नोंद नव्हती. जानेवारी 2013 मध्ये त्याचा गॅस जनरेटर त्यांनी पुन्हा पेटवून दाखवला, पण त्यासाठी मोजणी आणि विच्छेदन पहिल्यापासून करावं लागलं. 1977 मध्ये निघालेल्या व्हॉयेजर 1 यानाने नोव्हेंबर 2023 मध्ये निरर्थक आकडे पाठवायला सुरुवात केली, तेव्हा दशकानुदशकं जुनी कागदपत्रं उघडावी लागली. स्मृतीची एक चिप गेली होती. तिच्यातलं सॉफ्टवेअर तुकडे करून दुसऱ्या जागी हलवलं आणि एप्रिल 2024 मध्ये यानाच्या प्रकृतीची माहिती पुन्हा वाचता आली. एका आज्ञेचं उत्तर यायला सुमारे 45 तास लागत होते. ते कागद लिहिणाऱ्यांना, 1977 च्या आधी, कुणी पन्नाशीजवळ पोचलेल्या यानासाठी लिहायला सांगितलं नव्हतं.

माझ्या कामात हे फार साध्या पातळीवर घडतं. एका कंसाच्या बोल्टचा टॉर्क आराखड्यात नेहमीपेक्षा बराच कमी लिहिलेला होता. नव्या मुलाला ती टायपिंगची चूक वाटली आणि त्याने दुरुस्तीचा अर्ज भरला. शोधताना एका जुन्या आढाव्याच्या टिपणात चार ओळी सापडल्या: उष्णता जाऊ नये म्हणून खाली बसवलेला फायबरचा वॉशर पूर्ण टॉर्कला हळूहळू दबतो आणि तापमानाची दोन-चार चक्रं झाली की बोल्ट सैल पडतो. त्या चार ओळी नसत्या तर दुरुस्ती मंजूर झाली असती आणि कुणाचाही दोष नसता. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक आराखड्यात विचित्र वाटणाऱ्या आकड्यापुढे कारण लिहिल्याशिवाय सही होत नाही.

तीन वर्षं झालेल्या माणसाने काय करावं, याचं थोडक्यात उत्तर. येत्या वर्षात एक पूर्ण थर्मल व्हॅक्यूम आणि एक व्हायब्रेशन चाचणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा, तुमचा भाग त्यात नसला तरी. एरियान 501 (एरियान 5 चं ते पहिलं उड्डाण), जेनेसिस आणि कोलंबिया यांचे चौकशी अहवाल कुणालाही वाचता येतात, ते मुळातून वाचा. पहिला तर एका बैठकीत संपेल. शेजारच्या उपप्रणालीच्या अभियंत्याशी ओळख वाढवा आणि त्याला तुमच्या भागाची कशाची भीती वाटते ते विचारा. कामाशिवायचं आयुष्य उड्डाणाच्या तारखेला बांधू नका, ती सरकतेच.

आणि तुमच्या कंपनीत शेवटपर्यंत अभियंता राहता येईल का, हे मनुष्यबळ विभागाला विचारून कळणार नाही, ते तक्ता दाखवतील. तिथल्या पन्नाशीच्या एखाद्या अभियंत्याला चहाला बोलवा आणि विचारा: गेल्या वेळी त्याने लेखी नकार दिला होता तेव्हा पुढे काय झालं? असा कुणी पन्नाशीचा अभियंताच तिथे नसेल, तर त्याचं कारण कंपनी नवी आहे हे, की सगळे सोडून गेले हे, ते मात्र आधी शोधून काढा.